बातमीदार, दुभाषी आणि तिसरा वाचक : राज्यांच्या पाळत-कायद्यांची एक तौलनिक संहिताचिकित्सा

१.
म्हैसूरच्या वास्तव्यात एका सकाळी एका कन्नड सहकाऱ्याने स्थानिक वृत्तपत्रातील एक पोलीसवृत्त मला वाचून दाखविले. माझे कन्नड अक्षरओळखीच्या पुढे फारसे गेलेले नाही. तरीही वाक्याच्या आरंभीच एक ओळखीचा शब्द कानी पडला : ‘बात्मीदार’. ‘खात्रीलायक बात्मीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून पोलिसांनी छापा घातला’ असा त्या वाक्याचा आशय होता. मी सहजच विचारले, ‘म्हणजे वृत्तपत्राचा प्रतिनिधी का?’ सहकारी हसले. कन्नडमध्ये वृत्तपत्राचा प्रतिनिधी हा ‘वरदिगार’ किंवा ‘सुद्दिगार’. ‘बात्मीदार’ म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, दुसरे काही नाही.

मराठीत या शब्दाची दोन्ही घरे अद्याप शाबूत आहेत. शिवकालीन हेरखात्याबद्दल लिहिताना आपण बातमीदार म्हणतो, पोलिसांच्या फिर्यादीत ‘गुप्त बातमीदारामार्फत’ असा उल्लेख येतो आणि वृत्तपत्राच्या कचेरीतही बातमीदार असतो. एकजण राज्यसंस्थेला कळवितो, दुसरा लोकांना कळवितो. शब्द मात्र एकच. कन्नडने आपल्याशी उघड नाते सांगणारा हा शब्द घेताना त्यातील एकच अर्थ ठेवला. शब्दांच्या अशा स्थलांतराची नोंद तौलनिक अभ्यासक नेहमीच घेतो. परंतु या उदाहरणात केवळ कोशाचा प्रश्न नाही. कळविणे कोणाला, कोणाच्या भाषेत, आणि कळविलेले खरे की खोटे हे पाहणार कोण, हे प्रश्न त्या एका शब्दात दडलेले आहेत.

देशांतर्गत दहशतवादाच्या धोक्यावर नजर ठेवणे व त्याचा अहवाल देणे यासाठी राज्यांनी केलेल्या कायद्यांकडे या प्रश्नांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही. पण हे कायदे मुळात वाचनाचे कायदे आहेत. कोणाचे पत्र, संभाषण वा लेख कोणी वाचावा, त्याचा अर्थ कोणी लावावा आणि तो अर्थ कोणापुढे मांडावा याची व्यवस्था ते लावतात. त्यामुळे संहिता, भाषांतर आणि अन्वयार्थ यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना या कायद्यांविषयी काही म्हणण्याचा अधिकार पोहोचतो, असे मला वाटते.

२.
या वाचनव्यवस्थेचा मराठीतील पूर्वेतिहास मोठा आहे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होत. ते गोपनीय असत व निवडक अधिकाऱ्यांपुढे जात. सरकारच्या भाषांतर खात्यातील माणसे मराठी, गुजराती, उर्दू, कन्नड पत्रे वाचीत आणि त्यांतले सरकारच्या दृष्टीने ‘लक्षणीय’ काय ते ठरवीत. आज हेच अहवाल इतिहासकारांचे आवडते साधन आहेत. मात्र ते वापरताना एक गोष्ट विसरली जाते : हा मजकूर लेखकाचा नाही, भीतीने वाचणाऱ्या वाचकाने केलेली ती निवड आहे.

१९०८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब पडला. ८ जून रोजी केंद्रीय विधिमंडळाने स्फोटक पदार्थांविषयीचा आणि वृत्तपत्रांतून होणाऱ्या चिथावणीविषयीचा असे दोन कायदे एकाच दिवशी संमत केले. दारूगोळा आणि मजकूर यांना एका रांगेत बसविणारी ही घटना आहे. लोकमान्य टिळकांवरील खटला ‘केसरी’च्या १२ मे व ९ जून १९०८ च्या अग्रलेखांवरून उभा राहिला आणि त्याच वर्षी २२ जुलैला त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या खटल्याचे राजकीय महत्त्व सर्वज्ञात आहे. येथे त्यातील भाषांतराच्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. न्यायालयापुढे होते ते मूळ मराठी लेख नव्हेत, त्यांचे इंग्रजी भाषांतर. खास ज्यूरी नेमण्यास बचाव पक्षाने हरकत घेतली, ती अशा ज्यूरीत मराठी न जाणणारे युरोपीय बहुसंख्य असतील म्हणून. ती फेटाळली गेली आणि सात युरोपीय व दोन पारशी अशी ज्यूरी बसली. टिळकांनी सरकारी भाषांतर खात्यातील साक्षीदाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दासाठी पर्यायी इंग्रजी शब्द सुचविले आणि भाषांतराने लेखाचा सूर बदलला असा युक्तिवाद केला. निकाल सात विरुद्ध दोन असा त्यांच्या विरुद्ध गेला.

तो निकाल अन्याय्य होता हे आपण सारेच मानतो. पण व्यवस्था म्हणून पाहिले तर त्या न्यायालयात एक गोष्ट घडली, जी पुढील काळात दुर्मीळ होत गेली. सरकारी वाचकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. त्याने लावलेला अर्थ लेखकाच्या समोर, उघड्यावर तपासला गेला. पहिला वाचक राज्यसंस्थेचा, दुसरा खुद्द लेखक. आणि दोघांच्या वाचनांमध्ये निवाडा करणारा तिसरा वाचक तेथे निदान तत्त्वतः हजर होता. तो मराठी जाणत नव्हता, हेच त्या खटल्याचे शल्य.

म्हैसूर संस्थानानेही त्याच १९०८ साली, दिवाण व्ही. पी. माधवराव यांच्या कारकिर्दीत, वृत्तपत्र नियंत्रणाचा स्वतःचा कायदा केला. वृत्तपत्र काढण्यासच सरकारची पूर्वपरवानगी लागे. म्हणजे मुंबईत छापल्यानंतर वाचून शिक्षा, तर म्हैसुरात छापण्यापूर्वीच मुभा वा मनाई. दुसऱ्या पद्धतीत उलटतपासणीला जागाच उरत नाही, कारण वादाचा विषय होईल असा मजकूरच जन्माला येत नाही.

३.
आता नव्वद वर्षे ओलांडून १९९९ च्या महाराष्ट्रात यावे लागते. ‘महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम’, ज्याला बोलीत ‘मोक्का’ म्हणतात, तो मुंबईतील टोळ्यांच्या खंडणी आणि खुनांच्या पार्श्वभूमीवर आला. तथापि संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आर्थिक लाभाबरोबर ‘बंडखोरीला उत्तेजन’ हाही हेतू घातला गेला. त्या दोन-तीन शब्दांमुळे टोळ्यांसाठी केलेला कायदा दहशतवादाच्या खटल्यांना लागू होऊ लागला. ११ जुलै २००६ चे मुंबईतील रेल्वे स्फोट आणि २९ सप्टेंबर २००८ चा मालेगावचा स्फोट या दोन्ही प्रकरणांत तो लावला गेला. मालेगाव प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१६ मध्ये तो लागू होत नसल्याची भूमिका घेतली.

या कायद्याची कलमे १३ ते १६ संभाषणे टिपण्यासंबंधी आहेत. ‘तारेवरील, इलेक्ट्रॉनिक अथवा तोंडी संदेशवहन’ ही त्यांतील पुनःपुन्हा येणारी शब्दसंहती भारतीय नाही. ती अमेरिकेच्या १९६८ च्या गुन्हेनियंत्रण कायद्यातील संभाषण टिपण्याविषयीच्या भागातून आली आहे. पाठचिकित्सेच्या साध्या नियमाने मूळ प्रतीचा काळही ठरविता येतो. १९६८ च्या संहितेत केवळ ‘तारेवरील’ व ‘तोंडी’ हे दोनच शब्द होते; ‘इलेक्ट्रॉनिक’ची भर १९८६ च्या दुरुस्तीने पडली. मोक्काच्या कर्त्यांपुढे या दुरुस्तीनंतरचा पाठ होता, हे उघड आहे.

त्याच दुरुस्तीतून आलेले आणखी एक वाक्य आपल्या अभ्यासक्षेत्राला थेट भिडते. तपासाशी संबंध नसलेले बोलणे कमीत कमी ऐकले जावे, असे कायदा सांगतो. मात्र संभाषण सांकेतिक अथवा परकीय भाषेत असेल आणि त्या भाषेचा जाणकार त्या वेळी उपलब्ध नसेल, तर ही छाननी नंतर, शक्य तितक्या लवकर करावी अशी सवलत आहे. अमेरिकेत ‘परकीय भाषा’ याचा अर्थ व्यवहारात इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा. हेच शब्द महाराष्ट्रात आणले की कोणती भाषा परकीय? सोलापुरात घरोघर बोलली जाणारी कन्नड वा तेलुगू? मालेगावची उर्दू? मेळघाटातील कोरकू? कायद्याच्या दृष्टीने यांपैकी कोणतीही परकीय म्हणता येणार नाही, तरी ऐकणाऱ्या हवालदाराच्या कानाला त्या परक्याच असतील. परिणामी ज्यांची भाषा ऐकणाऱ्याला येत नाही, त्यांचे सर्व बोलणे आधी टिपले जाण्याचा आणि मग केव्हातरी चाळले जाण्याचा संभव अधिक. भाषांतरात एक शब्द जसाच्या तसा राहिला आणि त्याच्या खालची जमीन बदलली.

याहून मोठा बदल परवानगीच्या ठिकाणी झाला. मूळ अमेरिकी संहितेत परवानगी देणारा न्यायाधीश असतो. मोक्कात पोलीस अधीक्षक वा वरच्या दर्जाचा अधिकारी अर्ज करतो आणि परवानगी गृहविभागातील सचिव दर्जाचा अधिकारी देतो. तातडीच्या प्रसंगी आधी ऐकून अठ्ठेचाळीस तासांच्या आत अर्ज करण्याची सोय दोन्हीकडे आहे. अमेरिकेत मुदत तीस दिवसांची, येथे साठ दिवसांची. परवानगीचा आढावा घेणारी समिती आहे; तिचे अध्यक्ष राज्याचे मुख्य सचिव. म्हणजे मागणारा, देणारा आणि तपासणारा हे तिघेही एकाच घरातले.

येथे घाईने दोषारोप करू नये. सचिवाच्या परवानगीची प्रथा महाराष्ट्राने शोधून काढलेली नाही. ती १८८५ च्या तार अधिनियमापासून चालत आली आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन टॅपिंगच्या प्रकरणात न्यायालयीन पूर्वपरवानगी आवश्यक न ठरविता वरिष्ठ सचिवाचा आदेश आणि आढावा समिती यांचीच चौकट घालून दिली. मोक्काची ही कलमे म्हणजे दोन परंपरांचे कलम आहे : फांदी अमेरिकी, बुंधा वासाहतिक. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी ती वैध ठरविली. वाद मुख्यतः केंद्र व राज्य यांच्या अधिकारांचा होता. तिसऱ्या वाचकाचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आला नाही.

अमेरिकी संहितेतील आणखी एक तरतूद मराठी भूमीत उतरलीच नाही. तेथे टिपण्याची मुदत संपल्यावर ज्याच्याविरुद्ध आदेश होता त्याला ठरावीक काळात तसे कळवावे लागते. येथे खटला उभा राहिला तरच आरोपीला, सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी, आदेशाची प्रत मिळते. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, म्हणजे ज्याच्याबद्दलचा संशय बहुधा निराधार होता, त्याला आपण वाचले गेलो हे कधीच कळत नाही. निर्दोष माणूस हाच या संहितेचा सर्वांत अज्ञात नायक आहे.

अहवालाचे कलम मात्र आले. कलम २७ नुसार किती अर्ज आले, किती मंजूर वा नामंजूर झाले, तातडीने किती वेळा ऐकले गेले, त्यांतून किती खटले व किती शिक्षा झाल्या, याचा वार्षिक अहवाल वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा आहे. राज्याच्या सुरक्षेला बाधक वाटेल तो भाग वगळण्याची मुभा शासनाला आहे. अपवाद असूनही हे कलम मोलाचे आहे. राज्यसंस्थेच्या बातमीदाराने लोकांचाही बातमीदार व्हावे, अशी अपेक्षा या संपूर्ण कायद्यात येथेच व्यक्त झाली आहे. ‘बातमीदार’ या मराठी शब्दाचे दुसरे घर कायद्यात सापडते ते या एका कलमात.

४.
महाराष्ट्राची ही संहिता पुढे प्रवास करीत गेली. कर्नाटकाने त्याच आराखड्यावर स्वतःचा कायदा केला. तो २००० या वर्षाच्या नावाने ओळखला जातो. गुजरातेतील तशाच कायद्याला अनेक वर्षांच्या अडथळ्यांनंतर २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. यांपैकी कर्नाटकाच्या कायद्याकडे म्हैसुरात बसून पाहिले की चित्राची दुसरी बाजू दिसते, आणि ती न दाखविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश मारल्या गेल्या. मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सामाईक प्रदेशात लेखणी धरणाऱ्यांच्या या हत्या आहेत. गौरी लंकेश यांच्या हत्येच्या तपासात २०१८ मध्ये कर्नाटकाचा संघटित गुन्हेगारी कायदा लावण्यात आला. एका आरोपीपुरता तो उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा लागू केला. त्याच २०१८ साली म्हैसूरचे कन्नड लेखक के. एस. भगवान यांच्या हत्येचा कट उघडकीस आल्याचे कर्नाटक पोलिसांनी जाहीर केले. भगवान हे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आणि शेक्सपिअरच्या नाटकांचे कन्नड अनुवादक. आपल्याच व्यवसायातले गृहस्थ. तपासात सापडलेल्या डायरीतील नावांमध्ये गिरीश कर्नाड यांचेही नाव असल्याचे वृत्त त्या वर्षी आले.

म्हणून ‘राज्यसंस्थेने वाचूच नये’ ही भूमिका आपल्याला घेता येणार नाही. कोणीतरी, कोठेतरी, वेळेवर ऐकले व वाचले म्हणूनही लेखक वाचतात. मराठीत ‘वाचणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ या ठिकाणी एकत्र येतात. म्हैसूरने उलट अनुभवही घेतला आहे : १ ऑगस्ट २०१६ रोजी येथील न्यायालयाच्या आवारातच स्फोट झाला, आणि त्या प्रकरणी २०२१ मध्ये शिक्षा झाल्या. धोका खरा आहे. प्रश्न आहे तो वाचनाच्या कसोटीचा.

५.
ही कसोटी किती उशिरा लागू शकते, याचे उदाहरण जुलै २०२५ मध्ये समोर आले. २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची शिक्षा रद्द केली. मोक्काखाली पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य असतो. उच्च न्यायालयाने वेगवेगळ्या आरोपींचे असे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि त्यांतील काही भाग एकसारखे असल्याचे नोंदविले. निरनिराळी माणसे, निरनिराळे दिवस, आणि शब्द मात्र तेच. तौलनिक वाचन म्हणजे याहून वेगळे काय असते? त्यानंतर तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, तेव्हा त्याचा शेवटचा शब्द अजून लिहिला जावयाचा आहे. ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या २००८ च्या खटल्यातील आरोपीही विशेष न्यायालयात निर्दोष सुटले. दोन्ही प्रकरणांत माणसे मेली होती. मृतांच्या आप्तांना उत्तर मिळाले नाही आणि आरोपींची वर्षे परत येणार नाहीत. चुकीच्या वा दुबळ्या वाचनाची किंमत दोन्हीकडच्यांनी दिली.

त्याच महिन्यात, १० व ११ जुलै रोजी, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. नक्षलवादाचा शहरी प्रसार रोखणे हा त्याचा घोषित हेतू. २०२४ मध्ये मांडलेल्या पाठावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीनंतरच्या पाठात कक्षा ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम’ संघटनांपुरती सांगितली गेली आणि सल्लागार मंडळाच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आले. तिसऱ्या वाचकाला दिलेली ही जागा स्वागतार्ह आहे. परंतु बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत उच्चारलेले वा लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य निरूपणे ही कृतीच्या बरोबरीने येतात. ‘तत्सम’ हा शब्द तर समीक्षेत आपण विद्यार्थ्याला खोडायला सांगतो. कारण तो साम्य कशात हे न सांगता साम्य गृहीत धरतो. कायद्यात त्या साम्याचा निर्णय पहिल्या वाचकाच्या हाती जातो. नाटकातील पात्राचे वाक्य, शाहिराचे कवन, पथनाट्यातील घोषणा आणि प्रत्यक्ष चिथावणी यांतील भेद कळण्यासाठी साहित्यप्रकारांची जाण लागते. ती जाण असलेला माणूस या साखळीत कोठे बसतो, हे संहितेतून समजत नाही.

६.
या विवेचनातून पाळत-कायद्यांच्या कोणत्याही संहितेस विचारावयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. पहिला, वाचतो कोण आणि ज्या भाषेतले वाचतो ती भाषा त्याला येते का? दुसरा, त्याने लावलेला अर्थ त्याच्या घराबाहेरच्या कोणापुढे, केव्हा तपासला जातो? तिसरा, वाचल्याचा हिशेब वाचल्या गेलेल्या समाजाला मिळतो का? १९०८ च्या मुंबईच्या न्यायालयात दुसऱ्या प्रश्नाला अर्धे उत्तर होते आणि पहिल्याला नव्हते. १९९९ च्या संहितेत तिसऱ्याला कलम २७ च्या रूपाने उत्तर आहे, दुसऱ्याला मात्र खटला उभा राहीपर्यंत नाही.

आपल्या विद्याशाखेला यात एक नेमके काम आहे. मोक्का, कर्नाटकाचा कायदा आणि गुजरातचा कायदा यांचे इंग्रजी, मराठी, कन्नड व गुजराती पाठ समांतर ठेवून त्यांची पाठचिकित्सा व्हावयास हवी. ‘परकीय भाषा’, ‘बंडखोरी’, ‘तत्सम’ यांसारखे शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना काय गमावतात व काय मिळवितात, हे कायदेपंडितांपेक्षा आपल्याला अधिक बारकाईने दाखविता येईल. विधिमंडळांपुढे ठेवावयाच्या वार्षिक अहवालांचे वाचन हाही या अभ्यासाचा भाग असावा. सभागृहापुढे आलेला अहवाल जर कोणी वाचलाच नाही, तर त्याला लोकांना दिलेली बातमी कसे म्हणावे?

म्हैसूरच्या सहकाऱ्यांना मी अखेर मराठीतला ‘बातमीदार’ समजावून सांगितला. दोन इतके विरुद्ध धंदे तुमच्याकडे एका नावाने कसे चालतात, असे त्यांनी विचारले. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आता वाटते की ते विरुद्ध नाहीत, एकमेकांचे जामीन आहेत. राज्याला कळविणाऱ्यावर लोकांना कळविणाऱ्याची नजर असेल तोवर दोघांनाही तो शब्द शोभतो. त्यांतला दुसरा नाहीसा झाला, तर कन्नडप्रमाणे मराठीतही त्या शब्दाला एकच अर्थ उरेल.